गोहलपूरचे पाच गुण

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

आज मला नियम निरीक्षक नेमलं. मानधन नाही, चहा आहे.

आमच्या भागातलं बालक्रीडा मंडळ डिसेंबरात मुलांची चीअरलीडिंग स्पर्धा घेऊन राहिलं आहे. मला वाटायचं, चीअरलीडिंग म्हणजे क्रिकेटच्या मैदानाबाहेर नाचतात ते. तसं नाही. मुलं गटाने कवायत करतात, कोलांट्या मारतात, एकमेकांना उचलून मनोरा रचतात आणि त्याला गुण मिळतात. जिला उचलतात ती फ्लायर. आमची यशोधरा, म्हणजे माझ्या मुलाची, सुमेधची, मुलगी, वय बारा, नेपियर टाउन संघाची फ्लायर आहे.

मंडळाचे सचिव आल्हाद साहेब बँकेत आहेत, दोन वर्षांमागे पुण्याहून बदलून आले. माझं नाव त्यांनीच सुचवलं. गेल्या वर्षी लिंबू-चमच्याच्या शर्यतीत मी टेप घेऊन पट्ट्या मोजल्या होत्या. चौथी पट्टी चाळीस सेंटिमीटर आखूड निघाली. ते त्यांच्या लक्षात राहिलं. शिवाय छत्तीस वर्षं मी कारखान्यात तपासणी विभागात होतो. माझ्या टेबलावरून चुकीचा नग पुढे गेलेला नाही.

माझी नात एका संघात आहे, हे मी लेखी दिलं. त्यांची मुलगी कादंबरीही त्याच संघात आहे, पण ते काही स्पर्धेचे निरीक्षक नाहीत. ते म्हणाले, "काका, तुमच्यावर कोण संशय घेणार?"

नियम मागितले तर कळलं, नियम नाहीत. तेही मीच लिहायचे आहेत.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

नियम झाले. एकूण एकतीस. त्यातला सातवा महत्त्वाचा. स्पर्धा हौशी मुलांची आहे, म्हणून कोणत्याही संघाने आठवड्यात चार तासांपेक्षा जास्त सराव करायचा नाही आणि कोणत्याही मुलाने बाहेर जिम्नॅस्टिकचा क्लास लावायचा नाही. मोडला तर पाच गुण वजा. शाळा सुटल्यावर मजेसाठी येणाऱ्या मुलांना रोज घाम गाळणाऱ्यांसमोर उभं करणं बरोबर नाही, हा हेतू.

शेवंताला वाचून दाखवलं. ती मटार सोलत होती.

"म्हणजे ज्या पोराले जास्त आवडते, त्याचे गुण कापता?"

"तसं नाही. सगळ्यायले सारखा मोका भेटला पाहिजे."

"अच्छा," ती म्हणाली आणि मटार सोलत राहिली. बायकोला नियमाचा हेतू समजावणं अवघड असतं.

संध्याकाळी यशूला स्कूटरवर गणिताच्या क्लासला सोडलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, नेपियर टाउनमध्ये एका दवाखान्याच्या वर. मी खाली चहाच्या टपरीवर दीड तास पेपर वाचतो. आज ती खाली आली तर तळहात पांढरे. खडूने फळ्यावर गणितं सोडवून घेतात म्हणजे. आमच्या वेळची पद्धत अजून कुणीतरी टिकवून आहे, हे बघून बरं वाटलं.

"कसा झाला क्लास?"

"मस्त, आबा."

पोरगी हिंदी मुलखात वाढलेली; मराठी समजते सगळं, बोलते चार शब्द.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आल्हाद साहेबांचा फोन. गोहलपूरचा संघ रोज सराव करतो, अशी त्यांची तक्रार आहे. "काका, रोज म्हणजे रोज. आपली मुलं बिचारी दोनच दिवस येतात. हे अनफेअर नाही का?"

मी म्हटलं, बघतो.

आधी नेपियर टाउनची वही तपासली, म्हणजे कोणी बोट दाखवायला नको. शाळेचं मैदान मंगळवारी आणि शनिवारी, दोन-दोन तास. वही उत्तम. तीन महिन्यांच्या सगळ्या नोंदी एकाच निळ्या शाईत, एकाच वळणाच्या अक्षरात, एकही खाडाखोड नाही. मुलांच्या सह्यासुद्धा एकसारख्या नीटस. इतरांनी शिकावं असं काम.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

गोहलपूरला न कळवता गेलो. गल्लीत स्कूटर शिरत नाही, नाक्यावर लावली. संघाची शिकवणारी निखत, बीकॉमला आहे, बाविसेक वर्षांची. तिच्या वडिलांचा रजया भरायचा कारखाना. मागच्या अंगणात जुन्या गाद्या अंथरून नऊ मुली सराव करत होत्या. गाद्यांची जाडी मोजली. नियमात बसते.

मी ओळख सांगितली. तिने खुर्ची मागवली.

"रोज सराव होतो का?" मी हिंदीत विचारलं.

"जी. जुम्मा छोड़ के रोज़. पाँच से छह."

तिने स्वतःच वही आणून दिली. वही अगदी गबाळी. कुठे पेन, कुठे पेन्सिल, एका पानावर चहाचा डाग, एका मुलीच्या नावापुढे 'रोई, घर गई' असं लिहिलेलं. बेरीज केली: आठवड्याचे सहा तास. नियमापेक्षा दोन जास्त.

तिला नियम सात वाचून दाखवला. ती म्हणाली, "अंकल, बच्चियाँ इसी गली की हैं. मैं न बुलाऊँ तो भी आ जाती हैं. ये प्रॅक्टिस हुई या खेल?"

हा प्रश्न नियमात नाही. मी म्हटलं, वहीत लिहिलं आहे म्हणजे सराव.

"तो न लिखती?"

"लिहायलाच पाहिजे."

"जी," ती म्हणाली. मग विचारलं, "बाकी टीमों के यहाँ भी गए आप?"

सांगितलं, नेपियर टाउनची वही बघितली, चोख आहे. तिने मान हलवली. चहा चांगला होता.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

मंडळाची बैठक. गोहलपूरचे पाच गुण वजा, स्पर्धेच्या दिवशी. एक सदस्य म्हणाले, पहिलीच वेळ आहे, समज देऊन सोडा. मी म्हटलं, नियमात समज नाही, पाच गुण आहेत. आल्हाद साहेबांनी मला दुजोरा दिला. पुढे चार तासांतच सराव करायचा, असं पत्र निखतला पाठवलं. पत्र मीच लिहिलं, दोनदा वाचून.

घरी शेवंताने विचारलं, "त्या पोरीनं स्वतःच सांगितलं ना तुम्हाले?"

"हो."

"अन् तिलेच शिक्षा."

"तिनं सांगितलं म्हणून नाही. नियम मोडला म्हणून."

सूनबाई, विनता, स्वयंपाकघरात होती. तिच्या हातून झाकण पडलं.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

गोहलपूरला अचानक तपासणी. आज त्यांचा सरावाचा दिवस नव्हता. नऊही मुली अंगणाच्या भिंतीवर ओळीने बसल्या होत्या, गाद्या समोर अंथरलेल्या. कोणी काही करत नव्हतं. सना नावाची लहानशी मुलगी, त्यांची फ्लायर, आठ वर्षांची, उतरून एक कोलांटी मारायला गेली.

"बैठ जा सना," निखत म्हणाली. "अंकल आए हैं."

ती बसली.

शेरा लिहिला: पालन समाधानकारक. जेवण मात्र गेलं नाही. सकाळची खोव्याची जिलेबी जड झाली असावी.

सोमवार, ८ डिसेंबर

यशूचा सहामाहीचा निकाल. गणितात ऐंशीपैकी एकतीस. आठवड्यात तीन दिवस क्लास, तरी एकतीस. मी रागावलो नाही. विनताला म्हटलं, स्पर्धा झाली की सरांना भेटतो. ती घाईने म्हणाली, "नको बाबा, मीच भेटते." कामाचा एवढा भार असून ती मुलीच्या अभ्यासात लक्ष घालते. सुमेध रोज कटनीला नोकरीला जाऊन-येऊन थकतो, त्याला बिचाऱ्याला काही माहीत नसतं.

यशूच्या कोपरावर निळा डाग दिसला. बाकाला लागलं म्हणाली.

"गणिताच्या क्लासात कोपराले काहून लागते?" शेवंता म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. बराच वेळ.

मी म्हटलं, बाकं जवळजवळ असतील.

रविवार, १४ डिसेंबर

स्पर्धा झाली.

पाच संघ. सभागृह भरलेलं. पहिल्या बक्षिसाची ढाल भेडाघाटहून संगमरवरात कोरून आणली होती. इतकी जड, की एकमेकींना डोक्यावर उचलणाऱ्या मुलींना ती दोघींत मिळून उचलावी लागली.

गोहलपूर तिसऱ्या क्रमांकाने मंचावर आलं. त्यांचे कपडे घरी शिवलेले, दोघींच्या पट्ट्या वेगळ्या रंगाच्या. पण पाय पडत होते ते एकाच वेळी. सना वर उभी राहिली तेव्हा खालच्या तिघी जणू जमिनीत रोवल्या होत्या. तपासणीत छत्तीस वर्षं घालवलेल्या माणसाला काम कळतं. मी टाळी वाजवली नाही, निरीक्षकाने वाजवू नये.

मग नेपियर टाउन. यशूने मागे झोकून हातांवर उलटी उडी घेतली, दोनदा. अशी उडी मी तिला करताना कधी पाहिली नव्हती. आठवड्याच्या चार तासांत पोरगी इतकं शिकली, मला खरंच अभिमान वाटला.

गोहलपूर चौऱ्याऐंशी. नेपियर टाउन एक्क्याऐंशी. गोहलपूरचे पाच वजा, एकोणऐंशी. नेपियर टाउन पहिलं, जानेवारीत पुढच्या स्पर्धेला भोपाळला जाणार.

निखतने तक्रार केली नाही. गुणपत्रक मागितलं आणि वहीत उतरवून घेतलं. सना माझ्याजवळ आली.

"अंकल, हम गिरे थे क्या?"

"नहीं."

"फिर नंबर क्यों कटे?"

मी म्हटलं, तुम्ही जास्त प्रॅक्टिस केली म्हणून.

 "अच्छा," सना म्हणाली आणि आपल्या लोकांकडे गेली.

बुधवार, १७ डिसेंबर

नीट लिहायचा प्रयत्न करतो.

यशूला सोडलं. खिशात निकालपत्रक होतं. विनता भेटते म्हणाली होती, पण तिला वेळ मिळालेला नाही. म्हटलं, आपणच भेटून घ्यावं. पहिल्यांदाच जिना चढलो.

वर बाकं नाहीत, फळा नाही. मोठं दालन, भिंतीपासून भिंतीपर्यंत निळी गादी. एका पेटीत पांढरी भुकटी, त्यात मुलं हात घासत होती. यशू हातांवर उलटी उभी होती. तिच्या शेजारी कादंबरी आणि त्यांच्याच संघातल्या आणखी तिघी.

ट्रॅकसूट घातलेला एक तरुण पुढे आला. म्हणाला, मी ललित, इथला कोच. "आप यशोधरा के दादाजी? बहुत मेहनती बच्ची है. अगस्त से एक दिन नहीं छूटा."

"गणित?" मी विचारलं.

"जी?"

यशूने मला उलटं बघितलं. मग पाय खाली घेतले.

यशूला घेऊन घरी आलो. मी विचारलं, कोणाकोणाला माहीत होतं. विनता रडायला लागली. म्हणाली, पाच आयांनी मिळून ठरवलं, नियम यायच्या आधीपासूनच क्लास सुरू होता, नियम आल्यावर आल्हाद साहेबांकडे विचारणा केली तर ते म्हणाले, तेवढं कागदावर नीट ठेवा. गणिताचं नाव यशूनेच काढलं, कारण गणित म्हटलं की आबा काही विचारत नाहीत.

"तुले माहीत होतं?" शेवंताला विचारलं.

"मले कोणी सांगितलं नाही. पण मले डोळे आहेत."

"मग बोलली काहून नाही?"

"बोलली ना. कोपराचं बोलली, आणखी काय बोलू? पोरीले त्या उड्यांत जीव की प्राण. तुम्हाले कळलं असतं तर तुम्ही तिले काढलं असतं."

ते खरं आहे.

ही डायरी मागून चाळली. या पानांत यशू माझ्याशी कोपराखेरीज एकदाही खोटं बोललेली नाही. क्लास कसा झाला, एवढंच मी विचारलं. कशाचा, ते कधी विचारलं नाही. आणि त्या वहीबद्दल मी स्वतःच्या हाताने जे लिहिलं आहे, ते वाचून कान गरम झाले. तीन महिने एकच शाई. कारखान्यात असं रजिस्टर आलं असतं तर पहिलं पान उलटायच्या आधी मी ते परत पाठवलं असतं.

गुरुवार, १८ डिसेंबर

मंडळाला पत्र दिलं. नेपियर टाउनच्या पाच मुलींनी नियम सात मोडला, त्यात माझी नात आहे, निकाल बदलावा.

आल्हाद साहेबांनी पत्र शांतपणे वाचलं. मोबाइलवर नियमावली उघडून माझ्यासमोर धरली.

"काका, नियम सत्तावीस. निकालावर आक्षेप तीस मिनिटांच्या आत, लेखी. तुम्हीच लिहिलाय."

मीच लिहिला आहे. भाषाही चांगली आहे, पळवाट नाही.

"तुमचीही मुलगी आहे त्यात," मी म्हटलं.

"म्हणूनच सांगतो. मुलांचा आनंद आहे, कशाला घालवायचा? गोहलपूरच्या मुलींचं कौतुक आपण पुढच्या मीटिंगमध्ये करू. ठराव मांडतो."

मी राजीनामा दिला. त्यांनी चहा मागवला. मी घेतला नाही.

घरी सुमेधने सगळं ऐकलं आणि विनताशी दोन दिवस बोलणार नाही असं जाहीर केलं. शेवंताने त्याला सांगितलं, पोरगी कोणत्या वर्गात आहे ते आधी सांग. तो म्हणाला, सहावीत. ती सातवीत आहे. 

रविवार, २१ डिसेंबर

गोहलपूरला जायला स्कूटर काढली तर यशू मागे येऊन बसली. गळ्यात स्पर्धेचं पदक होतं. 

निखत अंगणात होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. क्लास, वही, माझी चूक, सत्तावीस नंबरचा नियम. सांगायला साडेतीन-चार मिनिटं लागली. 

"मुझे पता था, अंकल."

"कधीपासून?"

"उसी दिन से. वो बैक वाला हफ़्ते में चार घंटे से नहीं आता. मुझे ख़ुद नहीं आता."

"मग तीस मिनिटं होती. बोलायचं होतं."

"आप जाँच करने वाले थे. पोती आपकी थी. मैं किससे बोलती?"

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

यशू पुढे झाली आणि गळ्यातलं पदक काढून सनाला दिलं. "ये तुम्हारा है."

सनाने ते उलटसुलट करून पाहिलं. परत दिलं. "इस पे नेपियर टाउन लिखा है."

यशू तशीच उभी राहिली, पदक हातात. तिचा चेहरा मी लहानपणापासून ओळखतो. पडली तरी रडायची नाही, कोणी बघत नसेल तेव्हा रडायची. आज सगळ्यांसमोर रडली. निखतने तिला पाणी दिलं.

परतताना नाक्यावर ती म्हणाली, "आबा, मी भोपाळला नाही जाऊन राहिली."

इतकं लांब मराठी वाक्य ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली. मी विचार करून म्हणालो, "तुझ्या मनानं ठरव. मी सांगतो म्हणून नको."

"तुम्ही कुठे सांगितलं?"

खरं होतं.

सोमवार, २९ डिसेंबर

यशूने संघ सोडला. बाकी चौघींच्या आयांनी आमच्याशी बोलणं सोडलं. फ्लायर म्हणून कादंबरीला घेतलं आहे. विनताला बाजारात एकीने विचारलं, तुमचे सासरे असेच आहेत का पहिल्यापासून. विनता म्हणाली, हो. घरी येऊन मला सांगितलं आणि तोंड धुवायला गेली. ती रागात होती की हसत होती, कळलं नाही.

ललितचा क्लास यशूने सोडलेला नाही. मी म्हटलं, क्लास चांगला आहे, लपवणं वाईट होतं. आता सोमवार, बुधवार, शुक्रवार मी वर जाऊन बसतो. मंगळवारी शेवंता तिचं गणित घेते. शेवंता आठवी आहे, पण अपूर्णांक तिच्याइतके कोणाला येत नाहीत.

रविवार, ११ जानेवारी २०२६

काल भोपाळची स्पर्धा झाली. नेपियर टाउन नऊ संघांत चौथं. आल्हाद साहेबांनी सगळ्यांना फोटो पाठवले. मलाही आले, चुकून असतील. यशूने माझ्या फोनवर एकेक फोटो मोठा करून पाहिला. "कादंबरीचं लँडिंग चांगलं आहे," म्हणाली आणि खोलीत गेली. दार लावलं. मी बाहेर थोडा वेळ उभा राहिलो. दार वाजवलं नाही.

दुपारी निखतचा फोन आला. म्हणाली, स्पर्धा नाही, काही नाही, पण मुलींना ती मागची उडी शिकायची आहे, यशोधरा येईल का. मी दारातून विचारलं. दार लगेच उघडलं.

अंगणात सगळ्याजणी आधीच रांगेत होत्या. यशू शिकवायला लागली, अर्धं हिंदी, अर्धं हातवारे. कोणी किती तास केलं, मी बघितलं नाही. घड्याळ होतं हातात.

तासाभराने निखत आली. मनोरा करायचा होता, आणि नियम असा, की फ्लायर वर असताना मागे एक मोठं माणूस उभं पाहिजे, हात वर करून, पडली तर झेलायला. तिचे अब्बू आज नव्हते.

"आप खड़े होंगे?"

मी म्हटलं, मला यातलं काही येत नाही.

"करना कुछ नहीं है अंकल. बस उसे देखते रहना है."

मी चप्पल काढून गादीवर चढलो. तिघींनी खाली हात गुंफले, सना त्यांच्या खांद्यांवर चढली. मी मागे उभा राहिलो, दोन्ही हात वर. तिने मान वळवून खाली पाहिलं, मी आहे ना याची खात्री केली आणि समोर तोंड केलं.

सहा वेळा चढली, एकदाही पडली नाही. माझे खांदे भरून आले. यशू म्हणाली, "आबा, हात खाली घ्या ना, ती उतरली."

"राहू दे," मी म्हटलं. "ती पुन्हा चढून राहिली."